दर्शनाची सक्ती आणि दर्शनाची बंदी

श्रोतेहो, देवाच्या दारात माणसाचा अपमान दोन प्रकारांनी होऊ शकतो. त्याला आत जायचे असून अडविले तर, आणि त्याला जायचे नसून नेऊन उभे केले तर. पहिला प्रकार आपल्या महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. दुसऱ्याचा इतिहास पाहावयाचा तर जपानकडे वळावे लागते. विसाव्या शतकात हे दोन्ही इतिहास जवळजवळ एकाच काळात घडले, आणि त्यांतील एक लहानसा धागा आपल्या वाडीपासून फार दूर नाही, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात येऊन मिळतो. आज आपण तो धागा पाहणार आहोत.

टोकिओ शहरात मेइजी जिंगू नावाचे प्रसिद्ध शिंतो देवस्थान आहे. शिंतो हा जपानचा मूळचा, बुद्धधर्म तेथे पोचण्यापूर्वीचा उपासनामार्ग. त्यातील देवतांना 'कामी' म्हणतात. डोंगर, झरा, जुने झाड, पराक्रमी पूर्वज, यांपैकी कशातही कामी वसू शकतो. आपल्याकडे शेताच्या बांधावर म्हसोबा असतो आणि पाणवठ्याजवळ आसरा असतात, तसाच हा भाव आहे असे म्हटले तर ते चटकन ध्यानी येईल. मेइजी जिंगूचे दैवत मात्र इतके पुरातन नाही. १९१२ साली वारलेला सम्राट मेइजी आणि १९१४ साली वारलेली त्याची सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ १९२० साली हे देवस्थान स्थापन झाले. देशभरातून लोकांनी सुमारे १ लाख झाडे पाठविली. ती लावून उजाड जागेवर वन उभे केले. पुढे माणसाने हात न लावताही ते वन आपले आपण वाढत राहावे, अशा हिशेबाने झाडांच्या जाती निवडल्या होत्या. आज गजबजलेल्या महानगराच्या मध्यभागी सुमारे ७० हेक्टरांची ती दाट राई उभी आहे.

तेथे दर्शनाला जाणारा माणूस प्रथम 'तोरी' नावाच्या लाकडी कमानीखालून जातो. दोन खांब आणि वर आडव्या तुळया, एवढीच ती रचना. आत जाताना तो किंचित झुकतो आणि वाटेच्या मधून न जाता कडेने चालतो, कारण मधली वाट देवाची. पुढे पाण्याचे कुंड लागते. पळीने पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा धुवायचा आणि चूळ भरायची. देवासमोर नाणे टाकून दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची आणि पुन्हा एकदा वाकायचे. मूर्ती दिसत नाही. गाभाऱ्यात देवाचे प्रतीक झाकलेले असते. पाय धुऊन, घंटा वाजवून आत शिरणाऱ्या आपल्या माणसाला यात परके असे फारसे काही वाटू नये. नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत येथे सुमारे ३० लाख लोक येतात. त्यांना कोणी बोलावीत नाही. ते आपण होऊन येतात.

परंतु एके काळी तसे नव्हते. १८६८ साली मेइजी राजवट सुरू झाली. त्याआधी कित्येक शतके कामी आणि बुद्ध एकाच आवारात सुखाने नांदत होते. नव्या सरकारने त्यांची ताटातूट केली. सम्राट हा सूर्यदेवी अमातेरासूचा वंशज, म्हणून शिंतो देवस्थाने ही राष्ट्राची देवस्थाने, असे ठरले. १८८९ च्या राज्यघटनेने प्रजेला धर्मस्वातंत्र्य दिले, पण शांततेला आणि प्रजाजनाच्या कर्तव्याला बाध न येईल एवढ्यापुरतेच. मग देवळात जाण्याची सक्ती कशी करता येणार? सरकारने तोड काढली. शिंतो देवस्थान हा धर्मच नव्हे, ती राष्ट्रीय आचाराची बाब आहे, असे त्याने जाहीर केले. १९०० साली गृहखात्यात देवस्थानांचे कार्यालय वेगळे आणि धर्मांचे कार्यालय वेगळे झाले. कागदावर एक ओळ बदलली, आणि पूजा ही कवायत बनली.

या शब्दच्छलाची कसोटी १९३२ साली लागली. टोकिओतील यासुकुनी या देवस्थानात युद्धात पडलेल्या सैनिकांची पूजा होते. जोची या कॅथलिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तेथे नेण्यात आले असता काहींनी वाकण्यास नकार दिला. लष्कर खवळले. अखेर शिक्षणखात्याने खुलासा केला की हे वाकणे देशभक्तीचे व निष्ठेचे द्योतक आहे, त्याचा धर्माशी संबंध नाही. खुलासा मिळाला, पण नकार देण्याची वाट बंद झाली. कोरियात तर याहून कठोर प्रकार झाले. तो देश १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. सेऊल येथे १९२५ साली मोठे शिंतो देवस्थान बांधले गेले आणि पुढील दशकात शाळांना व चर्चना तेथील वंदन सक्तीचे झाले. नकार देणाऱ्या शाळा बंद पडल्या, धर्मोपदेशक तुरुंगात गेले, काही तेथेच मरण पावले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करताच कोरियन लोकांनी ठिकठिकाणची शिंतो देवळे पेटवून दिली. ज्या देवासमोर बळाने वाकविले, त्या देवाविषयी भक्ती उरली नव्हती. उरला होता तो केवळ राग.

आता त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते ते पाहा. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पण सर्वत्र अशी दारे उघडली नाहीत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे दारापाशी उभी राहिली आणि दार बंद राहिले. तो लढा कित्येक वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात ती पुरी केली. जपानात सरकार म्हणत होते की हा धर्म नव्हे, म्हणून आलेच पाहिजे. येथे रूढी म्हणत होती की हा धर्म आहे, म्हणून येता कामा नये. बोलणे उलट, पण मुळाशी एकच गोष्ट: माणसाने देवाशी काय नाते ठेवावे हे दुसऱ्याने ठरवायचे.

वर्ध्याचा धागा आम्ही आरंभी म्हटला तो येथेच येतो. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३१ साली भारतात आले आणि १९३३ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्रामच्या आश्रमात राहू लागला. हातातल्या लहान डफावर ठेका धरून तो आपला सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र म्हणत असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि हा भिक्षू शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला. पोलीस त्याला घेऊन गेले. त्यानंतर आश्रमाच्या प्रार्थनेत त्याचा तो मंत्र म्हटला जाऊ लागला. माणूस नेला, पण त्याची प्रार्थना राहिली.

याचा अर्थ गांधीजींना जपानी सत्तेविषयी ममत्व होते असा कोणी करू नये. जुलै १९४२ मध्ये त्यांनी जपानी जनतेस उद्देशून जाहीर पत्र लिहिले. त्यात चीनवरील आक्रमणाचा त्यांनी स्पष्ट निषेध केला आणि जपानी सैन्य हिंदुस्थानात आले तर त्याला विरोधच होईल असेही बजावले. सत्तेला विरोध आणि प्रार्थनेला जागा, या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात नांदल्या. जपानी सत्ता सेऊलमध्ये लोकांना बळाने वाकवीत होती, त्याच वेळी सेवाग्रामात एका जपानी माणसाची प्रार्थना कोणी न सांगता म्हटली जात होती. आपल्या प्रांतात शिंतो देवस्थान नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आणि कामठीचे १९९९ साली झालेले ड्रॅगन पॅलेस ही दोन्ही जपानी स्नेहातून उभी राहिलेली स्थळे आहेत. ती बौद्ध आहेत, शिंतो नव्हेत; पण तेथे जाणारा मनुष्य आपल्या पायांनी जातो, हे महत्त्वाचे.

जपानातही कालचक्र फिरले. एप्रिल १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात मेइजी जिंगूचे मुख्य मंदिर जळाले. १५ डिसेंबर १९४५ रोजी विजेत्या राष्ट्रांच्या हुकमाने सरकार आणि शिंतो यांची फारकत झाली. १९४७ साली अमलात आलेल्या घटनेने कोणालाही धार्मिक विधीत भाग घेण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. मंदिर १९५८ साली पुन्हा उभे राहिले, ते लोकांच्या देणग्यांतून. आपल्या घटनेने १९५० साली उलट बाजूचे दार उघडले: १७ व्या कलमाने अस्पृश्यता गेली आणि २५ व्या कलमाने हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करणाऱ्या कायद्यांना आधार मिळाला. त्याच २५ व्या कलमात सद्‌सद्विवेकाचे स्वातंत्र्यही आहे, म्हणजे न जाण्याचेही.

श्रोतेहो, घटनेतील शब्द आपल्या गल्लीत येतात तेव्हाच त्यांची किंमत कळते. अमरावती रस्त्यावरची ही आपली वाडी नाना ठिकाणच्या माणसांची झाली आहे. कोणी गोदामांच्या कामासाठी आला, कोणी कारखान्याच्या नोकरीसाठी. येथे देऊळ आहे, विहार आहे, उत्सव आहेत, वर्गणीच्या पावत्या आहेत. पावती फाडताना समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली तर क्षणभर थांबावे. पंगतीच्या कडेला कोणी संकोचून उभा असेल तर त्याला पाट द्यावा. तोरीला कवाडे नसतात. त्या कमानीतून आत जाता येते आणि तिच्यावरून पुढेही निघून जाता येते. देवस्थानाची खरी प्रतिष्ठा या दोन्ही वाटा मोकळ्या असण्यात आहे, असे आम्हांला वाटते.