विश्राम बेडेकर : पटकथेपासून दिग्दर्शनापर्यंत

चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील लेखकाचे नाव प्रेक्षक वाचतो ते बहुधा अंधारात आपली खुर्ची शोधता शोधता. ‘शेजारी’ म्हटले की शांताराम आठवतात, ‘अमर भूपाळी’ म्हटले तरी शांतारामच. या दोन्ही चित्रपटांच्या लेखनाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो माणूस अमरावतीत जन्मला होता, हे खुद्द वऱ्हाडातही फारसे कोणाच्या ध्यानी नसते. विश्राम बेडेकरांचा जन्म १३ ऑगस्ट १९०६ चा. मराठी वाचक त्यांना ‘रणांगण’ या एका कादंबरीमुळे ओळखतो आणि ते योग्यही आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील कर्तेपणाची बरीच वर्षे चित्रपटधंद्यात गेली, तो हिशेब मात्र कोणी नीट मांडत नाही.

त्यांचा प्रवेश नाटकाच्या दाराने झाला. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली स्थापन केलेल्या बलवंत संगीत मंडळीने बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ १९३३ मध्ये रंगभूमीवर आणले. बोलपट येताच संगीत नाटकाच्या पायाखालची वाळू सरकू लागली होती. तेव्हा मंडळीने स्वतःच चित्रपट काढण्याचे धाडस केले आणि १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’चे दिग्दर्शन चिंतामणरावांबरोबर या तरुण नाटककाराकडे आले. चित्रपट चालला नाही. मंडळी कर्जात बुडाली. पुढच्याच वर्षी बेडेकरांनी राम गणेश गडकऱ्यांच्या विनोदी कथेवरून ‘ठकीचे लग्न’ केले. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वऱ्हाडात वकिली करणारे, त्यामुळे ही परंपराही फिरून आपल्याच मुलखाशी येऊन मिळते.

यानंतर बेडेकर चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. महायुद्धाच्या उंबरठ्यावर परतीचा प्रवास झाला आणि त्यातून १९३९ साली ‘रणांगण’ जन्मली. हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित, त्यांच्यातील हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर यांची ही बोटीवरची कथा. मुंबई आली की एकाने उतरायचे आणि दुसरीला उतरण्याची मुभा नाही! आकाराने लहान अशी ही कादंबरी वाचताना तिच्यातील प्रसंगांची तोड, संवादांचा तुटकपणा आणि निवेदकाचा संयम पाहिला की पटकथेचा हात स्पष्ट जाणवतो. चित्रपट शिकायला गेलेला माणूस कादंबरी घेऊन परतला, असे कोणी म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

दोन जिवलगांच्या मध्ये त्यांच्याहून मोठी शक्ती येऊन उभी राहते, हाच बेडेकरांच्या मनाचा खरा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १९४१ च्या ‘शेजारी’त ही शक्ती धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाच्या रूपाने येते. गाव जमिनी सोडत नाही, म्हणून तो गावातील हिंदू-मुसलमानांतच फूट पाडतो. पाटील आणि मिर्झा हे जन्माचे शेजारी एकमेकांना पारखे होतात आणि शेवटी फुटणाऱ्या धरणावर एकत्र मरतात. लाहोरला मुस्लिम लीगने फाळणीच्या दिशेने जाणारा ठराव केला तो मार्च १९४० मध्ये. ही कथा पडद्यावर आली ती त्यानंतर वर्षभराने. ‘प्रभात’ने हिंदी ‘पडोसी’त ठाकुराची भूमिका मझहर खान यांना आणि मिर्झाची गजानन जागीरदारांना दिली. मुसलमान नट हिंदू झाला, हिंदू नट मुसलमान! मराठीत केशवराव दाते पाटील होते, मिर्झा जागीरदारच. या निवडीचे श्रेय दिग्दर्शकाला मिळाले आणि ते न्याय्य आहे. मात्र नटांची अशी अदलाबदल शोभावी, इतकी माणसे एकसारखी लिहिलेली होती, हेही विसरता कामा नये.

दिग्दर्शक म्हणून बेडेकरांची कारकीर्द खंडित राहिली. ‘पहिला पाळणा’ (१९४२), ‘पैसा बोलतो आहे’ (१९४३), ‘चूल आणि मूल’ (१९४७), ‘वासुदेव बळवंत’ (१९५०) ही नावे आज चित्रपटांच्या सूचींतच अधिक भेटतात. ‘प्रभात’च्या ‘लाखाराणी’त (१९४५) त्यांच्या हाताखाली एक विशीतला तरुण साहाय्यकाचे काम करीत होता आणि एक छोटी भूमिकाही, तो गुरु दत्त. शिष्य गुरूपेक्षा कितीतरी पुढे गेला. शांतारामांची दृश्यकल्पना बेडेकरांजवळ नव्हती, हे मान्य करावयास हवे. त्यांची शक्ती दोन माणसांच्या बोलण्यात, त्याहूनही अधिक त्यांच्या न बोलण्यात होती. कॅमेऱ्याला ती सहजी सापडत नाही. १९५२ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला, शाहीर होनाजीवरील ‘अमर भूपाळी’ त्यांनी लिहिला तेव्हाही दिग्दर्शन शांतारामांचे होते.

पुढे १९६३ मध्ये ‘रुस्तम सोहराब’ आला. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’तील कथा, पृथ्वीराज कपूर, सुरैयाचा अखेरचा चित्रपट आणि सज्जाद हुसेन यांचे अवीट संगीत. लोक आज तो त्या संगीतासाठीच आठवतात. परंतु ओळख न पटल्याने बाप रणांगणावर मुलाला मारतो, ही कथा बेडेकरांच्या वाट्याला आली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

चित्रपट सुटल्यावर त्यांनी नाटक जवळ केले आणि १९८० साली ‘टिळक आणि आगरकर’ लिहिले. विषय पुण्याचा, तरी वऱ्हाडी माणसाला तो परका नाही. आगरकर १८७५ साली मॅट्रिक झाले ते अकोल्याहून. टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचे. डेक्कन कॉलेजातील मैत्री, १८८० ची शाळा, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले १०१ दिवस आणि त्यानंतर सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून आलेले वितुष्ट. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. या ठिकाणी कोणी धनिक फूट पाडीत नाही, दोघेही प्रामाणिक आहेत. ‘शेजारी’तील लेखकाला खलपुरुष लागला होता, चौऱ्याहत्तराव्या वर्षाच्या लेखकाला त्याची गरज उरली नाही.

‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंडकोपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहत राहतो. बेडेकरांनी हे शीर्षक घेतले ते तेथून. ३० ऑक्टोबर १९९८ रोजी ते निवर्तले. पत्नी मालतीबाई, म्हणजेच ‘विभावरी शिरूरकर’, त्यांच्यामागे सुमारे अडीच वर्षे होत्या.