तेरची काच व रंगीत पेल्यांचा कालनिर्णय

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच प्राचीन तगर होय, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें व तें मत पुढें सर्वमान्य झालें. परंतु त्यामुळें एक अनिष्ट प्रघात पडला आहे. तेरच्या पांढरींत सांपडलेला काचेचा तुकडा, किंवा जवळपासच्या एखाद्या जुन्या वाड्यांतील निळा अगर तांबडा पेला, पुरेशी परीक्षा न करतां ‘रोमन’ ठरविला जातो. या समजुतीस आधार कितपत आहे, तें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम लेखी पुरावा घेऊं. इ. स. च्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरीं येत असे, असें म्हटलें आहे. याच ग्रंथांतील आयातीच्या याद्या मात्र बारकाईनें वाचल्या पाहिजेत. सिंधुमुखावरील बार्बरिकोन बंदरीं काचेचीं भांडीं उतरत. भडोचच्या यादींत आहे ती कच्ची काच. तगराचा व्यापार भडोचशीं होता. अर्थात् या मार्गानें आलेली काच मुख्यत्वें मणी व तत्सम जिन्नस घडविण्यासाठीं असावी, असें अनुमान निघतें. तेरचे काचमणी व बांगड्यांचे तुकडे या अनुमानास अनुकूलच आहेत. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें तेरचें वस्तुसंग्रहालय जिज्ञासूंनीं या दृष्टीनें अवश्य पाहावें.

रोमन पात्रें भारतांत आलींच नाहींत, असें मात्र नव्हे. अरिकमेडु येथें १९४५ सालच्या उत्खननांत उभ्या कंगोऱ्यांच्या रोमन वाडग्यांचे तुकडे मिळाले. तेव्हां प्रश्न शक्यतेचा नसून खुणांचा आहे.

त्या खुणा अशा. पेल्याच्या अंगावर सांध्याची बारीक उभी रेघ असल्यास तो सांच्यांतील होय; दाबून पेले काढण्याचीं यंत्रें अमेरिकेंत १८२० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलीं. बुडाशीं सळई मोडल्याचा व्रण हातकाम दर्शवितो, पण काल ठरवीत नाहीं. कारण ती रीत अद्यापि चालू आहे. वजनदार व टिचकी मारतांच घणघणणारी काच शिसेमिश्रित असावी; रेव्हन्सक्रॉफ्टला तिची सनद इंग्लंडांत १६७४ सालीं मिळाली. अतिनील प्रकाशांत हिरवी झळकणारी पिवळट-हिरवी काच बहुधा युरेनियमची, म्हणजे सुमारें १८३० च्या अलीकडची. इंद्रधनुषी पापुद्रा जमिनींत दीर्घकाळ राहिल्यानें चढतो, परंतु तशी झळाळी कृत्रिम रीतीनेंही आणतां येते. रंग हा तर सर्वांत दुबळा साक्षी: कोबाल्टची निळाई प्राचीन काळींही होती व आजही आहे. संशय उरल्यास रासायनिक पृथक्करण करावें. रोमन काच नॅट्रॉन-क्षाराची असते; एतद्देशीय काचेंत पुष्कळदां ॲल्युमिनाचें प्रमाण अधिक आढळतें.

देशी कारखान्यांकडेही दुर्लक्ष होऊं नये. तळेगांवचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालीं व ओगले बंधूंचा १९१६ सालीं निघाला. वाड्यांतील ‘पुरातन’ पेला यांच्याही काळचा असूं शकेल.

दप्तरें चाळणारांस एक सूचना. ‘शिसा’ म्हणजे काचेची बाटली. त्याचें अनेकवचन ‘शिसे’. मोडींत अनुस्वार बहुधा गाळतात, म्हणून ‘शिसें’ हा धातूही तसाच दिसतो. पुढें नग दिले असल्यास काच समजावी. मण-शेर दिले असल्यास धातु.

सारांश, कोणत्याही एका खुणेवर निर्णय देऊं नये. आणि मुख्य गोष्ट ही, कीं तुकडा उचलतांना स्थळ, खोली व सोबतचीं खापरें यांची नोंद तत्काळ करावी. काच पुनः तपासतां येते. हरवलेलें स्थळ पुनः मिळत नाहीं.