डॉक्टरेट संशोधनातील मार्गदर्शकाची भूमिका : डॉ. कमला सोहोनी यांच्या जडणघडणीच्या संदर्भात

प्रस्तावना :
वैज्ञानिकाचे चरित्र लिहिताना त्याचे शोध, पदव्या व पुरस्कार यांची नोंद होते. मार्गदर्शक मात्र प्रबंधातील ऋणनिर्देशापुरता उरतो. भारतातील आद्य स्त्री-वैज्ञानिकांपैकी एक असलेल्या डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांच्या शिक्षणकाळाच्या आधारे या भूमिकेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंगळूर : प्रवेश आणि शिस्त
१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर सशर्त प्रवेश मिळाला : कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटेपर्यंत ते अधिकृत मानले जाणार नव्हते. वर्षभराने खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. या काळात एम. श्रीनिवासय्या यांनी त्यांना दूध व कडधान्यांतील प्रथिनांच्या अभ्यासात घडविले. त्यांची शिस्त कडक होती. परंतु ती शिस्त सर्व विद्यार्थ्यांना सारखीच होती. संचालकांनी पात्रतेचा पुरावा मागितला. तो उभा करण्याचे बळ मार्गदर्शकाने दिले.

केंब्रिज : विश्वास आणि स्वातंत्र्य
पुढे केंब्रिज येथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांना प्रथम डेरेक रिश्टर यांच्यासोबत काम करण्याची संधी लाभली. रिश्टर अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांनी त्यांना वनस्पतींच्या ऊतींवरील संशोधनात सामावून घेतले. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असल्याचे कमलाबाईंना आढळले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा सुमारे चाळीस पानांचा होता. मार्गदर्शक बदलूनही संशोधन खंडित झाले नाही, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

परंपरेचे हस्तांतरण
भारतात परतल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. ज्यांना एकेकाळी संशोधनाचे दार बंद होते, त्या स्वतः मार्गदर्शक व पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

समारोप :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी सहायक प्राध्यापकाकडील संशोधकांची संख्या चारवर मर्यादित केली आहे. संख्या नियमाने ठरते; वृत्ती नियमाने ठरत नाही. मार्गदर्शकाची स्वाक्षरी विद्यार्थ्याची वर्षे अडवू शकते, तशी सार्थकीही लावू शकते. ज्यांच्या हाती ही स्वाक्षरी आहे, त्या आपण सर्वांनी एक प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे आहे : आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्याकडून आपण केवळ पात्रतेचा पुरावा मागतो, की तो उभा करण्यास साहाय्यही करतो?