कार्बनताऱ्यांचा न जुळलेला हिशेब

शशक तारकासमूहातील एका ताऱ्याची लाली १८४५ मध्ये जॉन रसेल हिंड यांनी नोंदविली, तेव्हा त्यांना रक्ताच्या थेंबाची उपमा सुचली. पुढे रोममधील जेझुइट धर्मगुरू अँजेलो सेक्की यांनी ताऱ्यांचे वर्णपट तपासून प्रतवारी लावली आणि १८६८ मध्ये अशा ताऱ्यांचा चौथा वर्ग करून त्यांतील पट्टे कार्बनचे असल्याचे ओळखले.

बहुतेक ताऱ्यांत कार्बनपेक्षा ऑक्सिजन अधिक. मग वृद्ध ताऱ्यांपैकी काहींतच हे पारडे उलटे का फिरावे? हेलियमच्या ३ अणुकेंद्रांतून कार्बन घडतो, हे साल्पीटर आणि (आपल्या नारळीकरांचे गुरू) फ्रेड हॉईल यांनी १९५०च्या दशकात दाखविले. पण तो घडतो खोल पोटात. पृष्ठावर येतो कसा? १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही लाल ताऱ्यांत टेक्निशियम सापडले. या मूलद्रव्याचे सर्वांत टिकाऊ रूपही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मे होते. अर्थात ते ताऱ्यातच नुकते शिजून वर आलेले असणार. १९६५ मध्ये श्वार्झशिल्ड व हेर्म यांना गणितात आढळले, की गाभ्याभोवतीचे हेलियमचे कवच राहून राहून भडकते. अशा भडक्यानंतर बाहेरील ढवळण खोलवर पोहोचून कार्बन उपसते, असा सिद्धान्त उभा राहिला.

या गणितानुसार जड, तेजस्वी ताऱ्यांत कार्बन सहज वर यावा. मॅगेलनच्या मेघांतील तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने तेथे खऱ्या तेजाची तुलना करता येते. तेथे ब्लांको आणि मॅकार्थी यांना कार्बनतारे मिळाले ते मंद, आणि जेथे ते तेजस्वी असावयास हवे होते तेथे जागा रिकामी! सिद्धान्ताचे एक शिल्पकार आयको आयबेन यांनी १९८१ मधील आपल्या निबंधाच्या शीर्षकातच याला गूढ म्हटले. आम्ही सरकारी दफ्तरात आयुष्य घालविलेली माणसे. आपलाच ताळेबंद चुकल्याचे मथळ्यात लिहिणारा अधिकारी आमच्या पाहण्यात नाही.

जड ताऱ्यांचे कोडे लवकर सुटले. तेथे ढवळणाऱ्या थराचा तळच इतका तापतो, की वर येणाऱ्या कार्बनचे नायट्रोजन होऊन जाते. हलक्या ताऱ्यांचे प्रकरण मात्र चिवट. ढवळण गणितातील सीमारेषेपलीकडेही थोडे झिरपते असे मानावे लागते. किती, ते आजही बरेचसे निरीक्षणाशी मेळ घालूनच ठरविले जाते. २०२० मध्ये पाओला मारिगो व सहकाऱ्यांनी तारकागुच्छांतील श्वेतबटूंची वस्तुमाने मोजून या हिशेबाला नवा आधार दिला. आपल्या आकाशगंगेत सूर्याच्या सुमारे दीडपटीहून जड तारेच कार्बनतारे होतात, असे त्यातून दिसते. आपला सूर्य त्या मर्यादेच्या खाली राहतो.