उजेडाचा हिशेब

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. पुढे वीज आली, मग सोडियमचे पिवळे दिवे. दिवे बदलताना आपण उजेड आणि खर्च मोजतो. पण जुना दिवा न सांगता आणखी काय काम करत होता, ते तो काढल्यावर कळते.

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर सोडियमऐवजी पांढरे एलईडी लावले गेले. विजेची बचत खरी होती. पण ज्या सोनेरी रांगेमुळे या किनाऱ्याला ‘क्वीन्स नेकलेस’ म्हणत, तो रंगच गेला. लोक नाराज झाले, राजकीय वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी पिवळसर छटेचे एलईडी आले. म्हणजे दोष तंत्राचा कमी, निवडीचा जास्त.

प्रश्न फक्त शोभेचा नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरच्या फॉस्फरच्या थरामुळे तो पांढरा दिसतो. निळा अंश जास्त असेल तर तो डोळ्यांवर येतो, विशेषतः वयस्कर माणसांच्या, आणि झोपेतही अडथळा आणतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराने २०१४ मध्ये रहिवाशांच्या तक्रारींनंतर नवे दिवे काढून मंद, उबदार रंगाचे लावले. रस्त्यावरचे दिवे ३००० केल्विनपेक्षा जास्त नसावेत, असा सल्ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये दिला.

सर्वांत महागडा धडा बर्फाळ प्रदेशाने घेतला. सिग्नलमधले जुने बल्ब बरीचशी वीज उष्णतेत घालवत. कागदावर ती नासाडी होती, पण त्याच उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळत असे. एलईडी सिग्नल थंडच राहिले आणि बर्फाने झाकले गेले. २००९ मध्ये इलिनॉय राज्यात अशाच झाकलेल्या सिग्नलवर झालेल्या अपघातात एका स्त्रीचा जीव गेला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण विजेचा दाब कमी-जास्त होतो. अशा वेळी एलईडी ठीक असतो, जळतो तो त्याचा ड्रायव्हर. पूर्वी बल्ब बदलला की काम होई. आता अनेकदा अख्खा दिवाच फेकावा लागतो.

म्हणून जुन्याकडे परत जा, असे कुणी म्हणणार नाही. मात्र पालिकेने वॉटबरोबर रंग, झगमगाट आणि दुरुस्तीही मोजावी. आणि दिवा ज्यांच्या खिडकीसमोर लागणार आहे, त्यांना आधी विचारावे.