कापूस, सुरमा आणि कोरडे डोळे

आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाचा पहिला मार बसतो तो डोळ्यांना. एप्रिल-मेमध्ये यवतमाळचा पारा ४२-४३ अंशांवर गेला, की पापणी मिटताना आत वाळूचे कण असल्यासारखे खुपते. हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याला 'शुष्काक्षिपाक' असे नाव आहे. पापण्या रुक्ष आणि कठीण होतात, उघडताना वेदना होतात, नजर गढूळ होते. उपचार सांगितला तो मुख्यतः तुपाचा : पोटातून तूप, डोळ्यांना तुपाचे तर्पण, सैंधव घातलेल्या थंड दुधाचे सिंचन आणि नाकात तेलाचे थेंब.

अश्रूंच्या पाण्यावर तेलाचा एक पातळ थर असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतो आणि तो विरळ झाला की पाणी भराभर उडून जाते, हे आता ठाऊक झाले आहे. जुन्या वैद्यांना या ग्रंथी माहीत नव्हत्या. पण नुसते पाणी पुरत नाही, स्निग्धता हवी, हे त्यांनी हेरले होते. म्हणून कुणी घरचे तूप डोळ्यांत घालू नये, एवढे मात्र सांगतो.

दुसरी परंपरा सुरम्याची. बगदादच्या अली इब्न ईसाने हजार वर्षांपूर्वी नेत्ररोगांवर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या घरांत ईदच्या सकाळी अत्तराबरोबर सुरमेदाणी निघतेच. सुरमा म्हणजे अँटिमनी, असे पुस्तके सांगतात. पण बाजारातल्या सुरम्यात पुष्कळदा शिसे निघाले आहे. सुरमेदार डोळ्यांवर मीही कविता केल्या आहेत, पुढेही करीन. लेकराच्या डोळ्यांत मात्र तो घालू नये. शिसे अंगात भिनले की मेंदूच्या वाढीवर घाला येतो.

१९०३ मध्ये ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टराने टीपकागदाची पट्टी पापणीत अडकवून अश्रू मोजले. पाच मिनिटांत कागद किती मिलिमीटर भिजतो ते पाहायचे, एवढी साधी युक्ती. ती आजही चालते. १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेनने कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांवर प्रबंध लिहिला. त्यांतल्या १३ जणींना संधिवात होता. म्हणजे दुखणे नुसत्या डोळ्यांचे नव्हते. परीक्षकांना प्रबंध फारसा रुचला नाही. आज तो रोग त्याच्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, सांधे धरत असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

१९४० च्या दशकात मिथाइल सेल्युलोजचे थेंब आले, पुढे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे. आज दुकानात 'कृत्रिम अश्रू' म्हणून मिळतात त्यांत बरेचदा हेच असते. हे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून काढतात, तसेच सरकीला चिकटून राहिलेल्या बारीक लवेतूनही. कापसाचा धागा म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच. ज्या जिल्ह्याने गाड्या भरभरून कापूस विकला, त्याने या औषधाचा कच्चा माल पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वाहिला आहे!

त्याच कापसावर फवारणी करताना २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. कित्येकांची नजर धूसर झाली. तिथे थेंब, दूध, सुरमा काही कामाचे नाही. औषध डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे सलग डोळे धुवायचे, कपडे बदलायचे आणि डबा हाती घेऊन थेट दवाखाना गाठायचा.