मिन्यो नदीकाठची जोडवाट
स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या पोर्तुगीज यात्रामार्गाच्या किनारी व मध्य या दोन शाखांना जोडणारी वाट. किनारी शाखेने नदीमुखाशी कामिन्याला आलेले यात्रेकरू एरवी होडीने पैलतीरी स्पेनमध्ये उतरतात. परंतु होडी बंद असल्यास, किंवा समुद्राचा कंटाळा आल्यास, ते डाव्या काठाने विला नोवा द सर्वेरावरून वालेंसाला येतात. वाट जवळजवळ सपाट असली, तरी सु. ३० किमी. एका दिवसात उरकण्यापेक्षा सर्वेराला मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते. वालेंसाच्या तटबंदीतून खाली उतरल्यावर, वरून रेल्वे व खालून रस्ता नेणारा १८८६ चा लोखंडी पूल ओलांडून यात्रेकरू स्पेनमधील तुई येथे मध्य शाखेला मिळतात. तेथून सांतियागो १०० किमी.हून अधिक दूर असल्याने यात्रेच्या प्रमाणपत्राची किमान पायी अंतराची अट पूर्ण होते.